ताईचं ‘व्हय’

दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता दौंडहून भावाचा फोन यायचा आणि तो विचारायचा, "ताई, आवाज येतोय का?"

मी म्हणायचे, "व्हय."

खरं तर तो विचारायचा तेव्हा माझं शिलाई मशीन चालूच असायचं. हातातली शिवण पुरी झाल्याशिवाय माझा पाय थांबत नाही, ही जुनी खोड. व्हय म्हणता म्हणता आणखी चार टाके मारायचे, धागा तोडायचे, मशीनवर जुनी चादर टाकायचे आणि मग मोबाइलसमोर बसायचे. तिथून आमचा कार्यक्रम सुरू.

मी शिरूरला ब्लाउज शिवते. भाऊ दौंडला लग्नांचं शूटिंग करतो, त्याचा स्टेशनाजवळ छोटा स्टुडिओ आहे. आम्ही बहीणभाऊ दोघं मिळून मोबाइलवर गप्पांचा कार्यक्रम करत होतो. शुक्रवारी बोलायचो आणि रविवारी सकाळी तो सगळ्यांना ऐकायला मिळायचा. नाव होतं ‘दोन तालुके, एक चहा’. नाव त्याचं. चहा मात्र ज्याचा त्याने करून प्यायचा, कारण मध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. पाहुणा त्याच्या स्टुडिओत बसायचा, मी माझ्या घरी. एका मोबाइलवर बोलायचं, दुसऱ्यावर आपापला आवाज रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंग बोलणं सुरू व्हायच्या आधीच चालू करून ठेवायचं, ही त्याची शिस्त. नंतर माझा आवाज मी त्याला पाठवायचे आणि तो दोन्ही बाजू जोडायचा.

पाहुणे म्हणजे कुणी मोठे नव्हेत. टोमॅटोच्या भावानं तोंड पोळलेला केंदूरचा एक शेतकरी, पाबळला वेल्डिंग शिकून आलेली आणि त्यामुळे लग्न अडलेली एक मुलगी, दौंडच्या स्टेशनावर जन्मभर हमाली केलेले एक आप्पा. प्रश्न भाऊ विचारायचा. माझं काम हुंकार द्यायचं.

हे काम मला वडिलांनी शिकवलं. आम्ही केंदूरचे. दुपारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला वडील आम्हाला शेडमध्ये बसवायचे आणि हात चालावेत म्हणून गोष्ट सांगायचे. अट एकच, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. ‘हं’, ‘व्हय’, ‘मग?’ काहीही चालायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. "कुणी ऐकतच न्हाई तर सांगू कुणाला, भिताडाला?" असं म्हणायचे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पाचव्या जुडीलाच पेंगायचा. त्याच्या पाठीत धपाटा बसू नये म्हणून त्याच्या वाट्याचे हुंकार मी आवाज बारीक करून द्यायचे. वडिलांना कळत असणारच. आता ते आठवलं की हसू येतं आणि जीवही जळतो. दुसऱ्याच्या नावाने हुंकार द्यायची सुरुवात आमच्या घरात मीच केली होती.

वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई केंदूरलाच रानात राहते. रविवारी सकाळी ती मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून आमचा कार्यक्रम ऐकायची आणि स्वतःच हुंकार द्यायची. मोबाइलला! भाऊ तिची टिंगल करायचा. ती म्हणायची, "माणूस बोलतंय आन् आपुन गप बसायचं, बरं दिसतं का?"

रानाच्या सातबाऱ्यावर आता आमची तिघांची नावं आहेत. भावाला तिथे शेवंतीसाठी पॉलिहाउस घालायचं होतं आणि कागदावर नावं कमी असली तर सोपं जातं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे मी हक्कसोडपत्र करून द्यायचं, माझा वाटा राजीखुशीने सोडला असं सही करून लिहून द्यायचं. दिवाळीत त्याने हा विषय काढला तेव्हा मी म्हणाले, "बघू." हा ‘बघू’ आमच्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात होकार असतो, नकार असतो आणि आधी जेवून घ्या असंही असतं.

मला रान नको होतं असं मी म्हणणार नाही. ज्या शेडमध्ये जुड्या बांधल्या तिथे आपलं नाव आहे, याचं मला बरं वाटायचं. सासरी कुणी काही बोललं तर मनातल्या मनात मी त्या शेडमध्ये जाऊन बसायचे. आणि तरीही, भावाने शेजारी बसून नीट विचारलं असतं तर मी बहुतेक दिलंच असतं. मला विचारायला हवं होतं, एवढंच. यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं आणि हे एवढंसं मागणं सुद्धा मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

त्या शुक्रवारी पाहुणे होते राहूचे एक आबा. राहू हे आईचं माहेर. आबांनी गावातल्या कितीतरी घरांच्या वाटण्या बसून मिटवलेल्या, त्यामुळे बोलणं बहीणभावांच्या वाट्यावर आलं. आबा रंगात आले होते. "बहिणीनं मागू न्हाई आन् भावानं इसरू न्हाई," म्हणाले. मी हं म्हटलं. मग भाऊ एकदम म्हणाला, "आबा, घरातलंच सांगतो. आमची ताई केंदूरच्या रानाचं हक्कसोड करून देनार हाय. व्हय ना, ताई?"

मी काहीच बोलले नाही.

आबा खोकले. भाऊ म्हणाला, "चला आबा, चहा निवतोय," आणि विषय पुढे सरकला. मला वाटलं, हे तो कापून टाकेल. नको ते तो नेहमी कापतो. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. गिऱ्हाइकाने बाही अर्धा इंच सैल म्हटली तर मी भांडायला उठते, आणि इथे मात्र दातखीळ बसली. कार्यक्रम संपल्यावर माझा आवाज मी नेहमीसारखा माझ्याच हाताने त्याला पाठवून दिला.

रविवारी सकाळी मी हूक लावत ऐकत होते. आबांचं बोलणं झालं, भावाचा प्रश्न आला, "व्हय ना, ताई?"

आणि माझाच आवाज आला, "व्हय."

स्वच्छ, मोकळा, जराही न अडखळता. सुई माझ्या बोटात गेली. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्या ‘व्हय’च्या पाठीमागे मला आणखी काहीतरी ऐकू आलं. माझ्या मशीनचा पट्टा जुना झालाय, तो फिरताना मध्येच एक चुकार ठोका देतो. तो ठोका त्या ‘व्हय’च्या मागे होता. कार्यक्रमात माझं मशीन कधी चालू नसतं. ते चालू असतं फक्त तो आवाज तपासतो तेव्हा.

दुसऱ्या मोबाइलवर माझं मूळ रेकॉर्डिंग होतं. ते लावलं. भावाच्या प्रश्नानंतर माझ्या बाजूला नुसती पंख्याची घरघर होती. आणि अगदी सुरुवातीला, चुकार ठोक्यासकट, माझं "व्हय". आवाज येतोय का, एवढ्याला दिलेलं. त्याने ते तिथून कापून इथे लावलं होतं. जोड झकास बसला होता. शिवणाऱ्या बाईला तो दिसला, बाकी कुणाला दिसणार नव्हता.

त्याला फोन करायच्या आधीच मला फोन यायला लागले. चुलते म्हणाले, "नाव काढलंस पोरी." गावाच्या ग्रुपवर ‘बहीण असावी तर अशी’ असं कुणीतरी टाकलं आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं पडत राहिली. दुपारी एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या, त्या म्हणाल्या, "ऐकलं हं ताई. लई मोठं मन हाय तुमचं." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी नुसती मान हलवली. त्यांनी तोही हुंकारच धरला असणार. शिव्या दिल्या असत्या तर उलट शिव्या देता आल्या असत्या. कौतुकाला काय उत्तर देणार?

संध्याकाळी आईचा फोन आला. "ऐकलं गं," म्हणाली आणि थांबली.

"मग?"

"मग काय. बेस्तरवारी शिरूरला रजिस्टर ऑफिसात यायचं म्हनतोय त्यो. मला बी घिऊन येनार हाय."

"तुला काय वाटतं, आई?"

"मला काय वाटायचंय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी भावाला फोन केला. ओरडायचं ठरवून केला होता, पण तोंडून एवढंच निघालं.

"मी व्हय म्हणले नव्हते," मी म्हणाले.

त्याला वेळ लागला नाही. "ताई, तिथं गॅप पडत हुता. ऐकनाऱ्याला वाटलं असतं रेंज गेली. रिकामी जागा ठिवून चालत न्हाई."

"म्हणून माझं व्हय लावलंस?"

"तू न्हाई बी म्हनली न्हवतीस."

मग त्यालाच राहवेना. "आन् आजचं हाय का ते? पयल्यापासनं भरतोय मी. तू लई येळा गप बसतीस, ताई. तुझं व्हय, हं, मग, अगं बाई, सगळं कापून एका फोल्डरमधी ठिवलंय. जागा रिकामी दिसली की लावतो. ‘ताई व्हय’ नावाचं फोल्डरच हाय. किती कुटाना असतो तुला म्हाईत न्हाई."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू मीच त्याचं काम वाढवून ठेवलं होतं. मला त्याने सांगितलेलं एक जुनं लग्न आठवलं. त्या लग्नात कुणी हसलंच नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्या लग्नातलं हसणं तिथे भरलं होतं. तेव्हा ते ऐकून मीही पोट धरून हसले होते.

पुढचे तीन दिवस मी शिवण बाजूला ठेवून जुने कार्यक्रम ऐकत बसले. मशीनचा चुकार ठोका शोधत होते. लोक मला म्हणायचे, ताई, तुम्ही किती मन लावून ऐकता. त्यातलं माझं किती आणि फोल्डरचं किती, ते मलाच कळेना. एका कार्यक्रमात एका बाईंनी त्यांचा मुलगा विहिरीत गेला ते सांगितलं होतं. तेव्हा मी काही बोलूच शकले नव्हते. पदर तोंडात धरून रडत होते, हे मला पक्कं आठवतं. कार्यक्रमात मात्र त्या जागी आवाज तपासताना कधीतरी दिलेलं एक टवटवीत "हं" होतं, मागे ठोका. त्या बाईंना काय वाटलं असेल? पोर गेल्याचं सांगतेय आणि ही पलीकडे ब्लाउज शिवतेय. रानाचं राहू द्या, पण या ‘हं’साठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

एवढं सगळं कळूनही गुरुवारी मी गेले. आधार कार्ड घेऊन, केस नीट विंचरून गेले. आई येणार होती, टोकन काढलेलं होतं, गाव हात जोडून बसलं होतं. नाही म्हणायला फोनवर जीभ उचलली नाही आणि तिथे उचलेल असंही वाटत नव्हतं.

रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. भाऊ कागद घेऊन खिडकीशी उभा होता. त्याने आईच्या मांडीवर एक पिशवी ठेवली होती, तीत माझ्यासाठी साडी. मोरपंखी, ब्लाउजपीस जोडलेला. म्हणजे सही मी करायची आणि ब्लाउजही मीच शिवायचा. एरवी मी त्याला हे तोंडावर सुनावलं असतं आणि तो हसला असता.

बाकावर आई हळूच म्हणाली, "माझं बी असंच झालं हुतं."

"हं," मी म्हणाले.

"राहूचं रान. तुझ्या मामांनी जीपमधी घालून दौंडला नेलं. मी म्हनलं, कशाला? म्हनले, चल तर."

"मग?"

"मग काय. साडी दिली. आंगठा घेतला. फोटू काढताना म्हनले, जरा हस की." ती पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होती. "इचारलं असतं तर मी दिलंच असतं. पर कुनी इचारलंच न्हाई. आजपातूर न्हाई."

माझ्या मनातलं वाक्य तिच्या तोंडून आलं होतं. इतक्या वर्षांत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हुंकार द्यायला समोर कुणी बसलंच नसेल. मीही नाही.

आमचा नंबर आला. आत टेबलामागे एक मॅडम होत्या. त्यांनी कागद चाळले, माझ्या आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?"

"व्हय, व्हय," भाऊ म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. "तुम्हाला नाही विचारलं. ताईंना विचारतेय."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं, आणि तेही एका परक्या बाईने. खोलीत प्रिंटरची कुरकुर चालली होती. भाऊ माझ्याकडे बघत होता. हीच ती रिकामी जागा होती, फक्त आज त्याच्या हातात फोल्डर नव्हतं. तो माझा एकुलता एक भाऊ, मला तो हवा होता आणि मी जे बोलणार होते त्याने तो तुटणार हे मला दिसत होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

भाऊ पुटपुटला, "ताई, आगं..."

आणि माझ्या मागून, दाराजवळून, आईचा आवाज आला. "हं."

नेहमीसारखाच. डब्याला टेकवलेल्या मोबाइलला द्यायची तसा. मी मागे वळून पाहिलं. ती पिशवी पोटाशी धरून उभी होती. "मग?" ती म्हणाली. "म्होरं बोल."

"मला ह्यानं इचारलंच न्हाई," मी म्हणाले आणि तिथेच रडायला लागले, चारचौघांत, हातात आधार कार्ड धरून.

मॅडमनी कागद परत दिले. "घरी बसून ठरवा, मग या," म्हणाल्या आणि पुढचं टोकन बोलावलं. भाऊ आमच्या आधी बाहेर पडला. आम्ही फाटकापर्यंत पोचेपर्यंत त्याची गाडी गेलेली होती. आई माझ्याकडे जेवली आणि एसटीने केंदूरला गेली. साडीची पिशवी माझ्याकडेच राहिली. ब्लाउजपीस मी अजून कापलेला नाही.

ग्रुपवर माझ्याबद्दल काय काय आलं ते लिहीत नाही. हात जोडणारे तेच लोक होते. चुलत्यांनी फोन करून सांगितलं की शब्द देऊन फिरणारी बहीण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मी शब्द दिला नव्हता, तो माझ्या मशीनच्या आवाजातून कापलेला होता, हे कुणाकुणाला समजावणार? एकदोघांना सांगून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी कुणाला सांगायला गेले नाही.

दोन रविवार कार्यक्रम झाला नाही. आईने दोन्ही वेळा फोन करून विचारलं, "आज न्हाई का गं?" मी म्हटलं, न्हाई. खरं सांगायचं तर शुक्रवारी दोन वाजता माझा पाय आपसूक मंद व्हायचा आणि मी मोबाइलकडे बघायचे. राग होता, तो आजही आहे. त्याची आठवणही तेवढीच येत होती. दोन्ही एकाच वेळी येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी दोन वाजता फोन वाजला.

"ताई, आवाज येतोय का?"

त्याच्या पाठीमागे स्टेशनावर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती. आवाज अगदी स्वच्छ येत होता. माझं मशीन चालू होतं आणि ‘व्हय’ माझ्या ओठांवर आलंच होतं. मी आधी पाय थांबवला. चाक हाताने धरलं. पट्टा पूर्ण थांबला तेव्हाच श्वास सोडला. ज्याच्या वाट्याचे हुंकार मी दिले, त्या पाठच्या भावाला एक साधा शब्द द्यायची मला भीती वाटत होती.

"येतोय," मी म्हणाले. "काय इचारायचंय ते इचार."

पलीकडून काही आलं नाही. घोषणा संपली, तरी काही आलं नाही. लहानपणी त्याच्या वतीने मीच बोलून मोकळी झाले असते. आता मी फोन कानाला धरून बसून राहिले.